मुकादमबाईंचा आवाज

मुकादमबाई रागीट होत्या, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की आजारपणाने बिचारीचा स्वभाव बिघडला. स्वभाव आधीपासूनच तसा होता.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या धुलाई कारखान्यात त्या मुकादम होत्या. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कसायांचे एप्रन, सगळं तिथे धुवायला यायचं. खोलीएवढाले पोलादी पिंप गरगर फिरायचे, इस्त्रीचे रूळ फुसफुसायचे, आणि त्या सगळ्या गदारोळावर चढून बाईंचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचायचा. "रक्ताच्या चादरी गार पाण्यात! गार म्हटलं की कळत नाही का? गरम पाण्याने डाग शिजतो!" नवी माणसं दचकायची, जुनी गालात हसायची. कुणाचं लग्न ठरलं तर अभिनंदनही त्या अशाच करायच्या, की समोरच्याला वाटावं आपलं काहीतरी चुकलंच.

मग घसा बसला. वाफेने बसला असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं, आणि डॉक्टरांनी शेवटी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता श्वास मानेवरच्या भोकातून. बाई चहावर फुंकर घालू शकत नव्हत्या, शिट्टी वाजवू शकत नव्हत्या, आणि ज्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते म्हणजे त्यांना ओरडता येत नव्हतं.

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र हातात दिलं. हनुवटीखाली गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्र गुणगुणायचं आणि त्या गुणगुणण्यातून शब्द उमटायचे. सूर मात्र एकच. लाड करा, शिव्या द्या, रडा, सूर तोच. मुकादमबाईंनी त्या यंत्राचं नाव 'डबडी' ठेवलं आणि पहिले काही दिवस ते उशीखाली दडपून ठेवलं.

पण गप्प बसणं हा त्यांचा पिंड नव्हता. हळूहळू त्यांनी डबडीला वळण लावलं. आवाज चढत नाही म्हटल्यावर त्या थांबायला शिकल्या. एखाद्याचं नाव घ्यायचं आणि गप्प राहायचं. एवढ्यानेच त्या माणसाच्या हातातली बादली निसटायची. वाफेच्या हॉलमध्ये आता त्यांना जाता येत नव्हतं. मालकाने त्यांना घड्या घालायच्या हॉलची मुकादम केलं, आणि महिन्याभरात त्या हॉलमध्येही पूर्वीसारखीच शिस्त आली.

घरात नवरा, शेजारच्याच गल्लीत लेक, आणि लेकीची चार वर्षांची पोर, चिमणी. चिमणीचा जन्म ऑपरेशननंतरचा. तिने आजीचा दुसरा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. तिच्या लेखी आज्या अशाच बोलतात. दुपारी झोप येईना की ती आजीला चिकटायची, डबडीवर आपला तळवा ठेवायची आणि म्हणायची, "हातात गोष्ट सांग." यंत्र तिच्या तळव्यात थरथरायचं, आणि अस्वल नदीवर पोचायच्या आत पोर झोपलेली असायची.

तर असं सगळं रुळलेलं असताना सिनेमावाले आले.

आला एकटाच, कानांवर हे मोठे हेडफोन लावलेला एक तरुण. त्याला पिंपांचा आवाज टिपायचा होता. मुकादमबाई त्याच वेळी टेम्पोवाल्याला झापत होत्या. हा त्यांच्याकडे वळला, आणि पिंप विसरूनच गेला.

"मावशी, तुमचा आवाज आम्हाला द्याल का? सिनेमात?"

"घ्या की. माझा तर डॉक्टरांनीच नेलाय," बाई म्हणाल्या.

तो इतका वेळ हसला, की बाईंना तो आवडला. पुढच्या आठवड्यात त्याने त्यांना एका खोलीत नेलं. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक माइक. वाचायला वाक्यं दिली. 'मी कोण होतो ते मला आठवतं. पण त्याने मला काही वाटत नाही.' 'ही माझी बायको आहे, अशी माझ्याकडे माहिती आहे.'

"हा माणूस असा का बोलतोय?" बाईंनी विचारलं.

"अपघातानंतर त्याचा एकेक अवयव बदलून यंत्राचा बसवलाय, मावशी. शेवटी आवाजसुद्धा. माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं, असा प्रश्न आहे सिनेमात."

"म्हणजे चांगला आहे की वाईट?"

"गुंतागुंतीचा आहे."

बाईंना तो शब्द पटला. आपणही काही साध्यासरळ नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतंच.

"थोडं आणखी सपाट म्हणाल का?" तो काचेपलीकडून म्हणाला.

"यापेक्षा सपाट आमच्याकडे फक्त चादर निघते," बाई म्हणाल्या, आणि त्याला पाहिजे तसं म्हणून दाखवलं. पैसे मिळाले, कागदावर सही झाली, वर चहा-बिस्किटं. बाई खुशीत घरी आल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे आवाज मागायला आलं होतं.

सिनेमा लागला तेव्हा घड्या घालायचा अख्खा हॉल बाईंबरोबर बघायला गेला. लेक, जावई, नवरा, आणि घरी कुणापाशी ठेवायची म्हणून चिमणीही. बाईंनी मानेला नवा रेशमी स्कार्फ गुंडाळला होता.

सिनेमातला माणूस चांगला होता. पूल बांधायचा. अपघातात हात गेला, पोलादी हात आला. बायकोने तो हात गालाला लावला. पाय गेले, डोळे गेले, एकेक करून सगळं नवं आलं, आणि बायको त्याच्या बाजूने उभीच होती. मुकादमबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मग एके सकाळी तो स्वयंपाकघरात येतो. संगीत काळवंडतं, दिव्याचा रंग निळा होतो. तो तोंड उघडतो आणि गुणगुणत्या, एकसुरी आवाजात बायकोचं नाव घेतो.

बायकोच्या हातून कप पडतो. ती मागे सरत सरत भिंतीला टेकते. मुलगा पलंगाखाली जाऊन लपतो. आणि बायको किंचाळते, "हा तो नाही! ह्याच्या आत कुणीच नाही!"

थिएटरात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. त्या शांततेत चिमणी आईच्या मांडीवर उभी राहिली आणि टाळ्या पिटत ओरडली, "आजी! आई, आजी बोलतेय!"

सगळं थिएटर हसलं. पडद्यावरच्या माणसाने तेवढ्यात डॉक्टरचा गळा धरला होता. चिमणीच्या टाळ्या थांबल्या.

"आजी त्यांना का मारतेय?" तिने विचारलं. लेक तिला कडेवर घेऊन बाहेर गेली.

मुकादमबाई जागच्या हलल्या नाहीत. अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. हात बदलला तेव्हा तो माणूस होता, पाय बदलले तेव्हाही होता. आवाज बदलला आणि संपला. म्हणजे ह्यांच्या हिशेबी माणूस घशात राहतो, आणि डॉक्टरांनी तो कापून कचऱ्यात टाकला. मग इतकी वर्षं घरी जेवतंय कोण, कामावर जातंय कोण, पोरीला झोपवतंय कोण? बाहेर पडताना घड्यांच्या हॉलमधल्या बायका "छान झाला हं तुमचा आवाज" म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात गल्लीतली पोरं गळ्याला चमचे लावून गुणगुणायला लागली. रांगेत उभं असताना मागचा माणूस म्हणाला, "बाई, गळा धरू नका हं आमचा." बाईंनी वळून पाहिलं. पूर्वीचा आवाज असता तर त्या माणसाला सात पिढ्या आठवल्या असत्या. डबडीतून निघालं ते बरोबर सिनेमासारखंच निघालं, आणि रांग हसली.

बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मितभाषी माणूस. आयुष्यभर बायको दोघांचंही बोलत आली होती, त्यामुळे त्याला कधी गरज पडली नव्हती. एका सकाळी बाईंनी त्याच्या समोरची खुर्ची ओढली.

"खरं सांगा. मी पहिल्यांदा ह्यातून बोलले तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो. पाणी खोलीतच होतं."

बाईंनी दुसऱ्या हाताने टेबलावर थाप मारली. "म्हणजे तुम्हीही!"

"मीही. जिन्यात बसलो होतो. घाबरलो होतो." त्याने चष्मा पुन्हा काढला. "पण परत आलो ना. तू विचारलंस, घरचा नळ गळायचा थांबला का, का तसाच ठेवलाय गाढवासारखा. मग मला कळलं, तूच आहेस. त्या सिनेमातल्या बाईला परत येऊच दिलं नाही. ती घाबरली तिथेच त्यांनी गोष्ट संपवली. आठ दिवस दिले असते तिला, तर तीही आली असती परत."

इतकं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. म्हणणं बाईंना पटलं, पण म्हणून त्यांनी त्याला सोडलं असं नाही. पुढचे दोन दिवस त्या त्याला जे काही सांगायचं ते चिमणीमार्फत सांगत होत्या, तो समोर बसलेला असताना.

मग त्या हट्टाला पेटल्या. वाचनालयात जाऊन तिथल्या बाईंना म्हणाल्या, "माणसाला यंत्र बसवलंय अशी जेवढी पुस्तकं आहेत तेवढी काढा." लेकीच्या संगणकावर तसे सिनेमे पाहिले. एकात काचेचे डोळे बसवलेली आई आपलं मूल ओळखेनाशी होते. एकात यांत्रिक हृदयाचा माणूस प्रेम विसरतो. एका जाडजूड कादंबरीत डोक्यात तार घातलेला कवी कविता विसरून आकडेमोड करायला लागतो. आणि जिथे म्हणून कुणी गुणगुणत्या आवाजात बोलतो, तो एकतर खुनी असतो नाहीतर नोकर.

"ह्यांना कुणी भेटलंय का असं?" बाई जेवताना नवऱ्यावर कडाडायच्या, म्हणजे चमच्याने ताटावर ताल धरायच्या. "तुमच्या तोंडात सगळे दात खोटे. विसरलात का मला? निम्मं गाव तुमच्या दुकानातल्या काचांतून बघतंय. गेला का कुणाचा आत्मा? ह्या लेखकांच्या नाकावर स्वतःचे चष्मे असतील, आणि ते लावून लिहितात की यंत्र लावलं की माणूस संपला!"

नवरा खोट्या दातांनी जपून घास चावत राहायचा.

हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण एक दिवस इस्पितळातून त्या शिकवणाऱ्या बाईंचा फोन लेकीला आला. एक नवा रुग्ण होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचंही स्वरयंत्र काढलेलं. जखम उत्तम भरली होती, पण तो यंत्राला हात लावायला तयार नव्हता. तुमच्या आईंनी येऊन बोलून दाखवावं, अशी विनंती होती.

लिफ्टवाला पलंगावर बसला होता. दणकट माणूस, मानेवर पांढरी पट्टी, मांडीवर मुलांची असते तशी पुसायची पाटी. शेजारी त्याची बायको. मुकादमबाईंनी डबडी गळ्याला लावली आणि म्हणाल्या, "नमस्कार. मीही तुमच्यातलीच."

त्याने बाईंकडे असं पाहिलं की त्यांना थिएटर आठवलं. मग पाटीवर लिहून ती बायकोकडे वळवली. बायकोने ती वाचली आणि मान खाली घातली. बाईंनी पाटी ओढून घेतली. लिहिलं होतं: 'त्या राक्षसासारखं माझ्या मुलांशी बोलायचं? त्यापेक्षा गप्प बरा.'

"तो राक्षस मीच," बाई म्हणाल्या.

लिफ्टवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. तो पुन्हा वळला नाही.

बाहेर आल्यावर शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, हा काही एकटा नाही, त्या सिनेमापासून आणखीही कुणीकुणी असंच म्हणतंय. मुकादमबाईंची कानशिलं तापली होती. स्वतःची फजिती त्यांनी पचवली असती. पण त्यांच्याच गळ्यातून निघालेल्या वाक्यांनी ह्या दणकट माणसाचं तोंड बंद केलं होतं, आणि आपण त्या खोलीत चहा-बिस्किटं खात ती वाक्यं वाचली होती, हे काही केल्या गिळलं जाईना.

त्याच महिन्यात दिग्दर्शकाचं व्याख्यान होतं. विषय: तंत्रज्ञान आणि माणसाची ओळख. सभागृह खचाखच भरलेलं. मुकादमबाई नवऱ्याला घेऊन गेल्या आणि मधल्या वाटेजवळ बसल्या. दिग्दर्शक देखणा होता, बोलायचाही छान. यंत्रं आपल्यात शिरताहेत, म्हणाला, आणि एके दिवशी आपण आरशात पाहू तेव्हा तिथे कुणीच नसेल. लोकांनी माना हलवल्या. मग प्रश्न विचारायची वेळ आली. बाईंनी हात वर केला, माइक आला, त्यांनी डबडी गळ्याला लावली.

"तुमच्या सिनेमातला आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. कुणीतरी शिट्टी वाजवली. पोरं फोन वर धरून उभी राहिली. दिग्दर्शकसुद्धा हसून टाळ्या वाजवायला लागला.

बाईंनी गळ्याचा स्कार्फ सोडला.

टाळ्या पुढच्या रांगांत आधी थांबल्या, मग मागच्या. मानेवरचं भोक सगळ्यांना दिसत होतं, श्वासाबरोबर हलत होतं.

"मी नाटक करत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी अशीच बोलते. घरी, कामावर, नातीशी. तुम्ही म्हणता, असा बोलणारा आतून रिकामा असतो. कुणाला विचारलंत?"

दिग्दर्शकाने माइक जवळ घेतला. आवाजात मध ओतला. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ते एक रूपक आहे. मला तुमच्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. मला आपल्या सगळ्यांबद्दल म्हणायचं होतं."

"आपल्या सगळ्यांत मी आहे की नाही?"

त्याने संयोजकांकडे पाहिलं.

"असेन, तर मला राक्षस का केलंत? नसेन, तर माझा आवाज कशाला घेतलात?"

"कारण तो... फार परिणामकारक होता."

"कुणावर परिणाम झाला ते सांगते," बाई म्हणाल्या आणि लिफ्टवाल्याचं सांगायला लागल्या. पण दोन वाक्यं होतात न होतात तोच एका संयोजकाने "वेळ फार कमी आहे" म्हणत त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. डबडीचा आवाज तो केवढासा. तिसऱ्या रांगेपलीकडे नुसती गुणगुण. लोक खुर्च्या सरकवायला लागले.

तेव्हा नवरा उठला. ज्याने आयुष्यात कधी दुकानात गिऱ्हाइकालाही मोठ्याने हाक मारली नव्हती, तो खुर्चीचा दांडा धरून उभा राहिला आणि बाई जे बोलत होत्या ते सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडून सांगायला लागला.

"ती म्हणते, इस्पितळात एक माणूस आहे! तुमच्या सिनेमाला घाबरून तो बोलत नाही! त्याच्या मुलांना आता बाप बोलताना ऐकू येणार नाही!" त्याचा आवाज फाटत होता. "ती म्हणते, माणूस घाबरला की दाराबाहेर जातो, पण परत येतो! तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात गोष्ट संपली! ती म्हणते, तुम्ही... तुम्ही अजाण आहात!"

मुकादमबाईंनी त्याची बाही खसकन ओढली. "गाढव म्हटलं मी. अजाण नाही."

"गाढव आहात!" नवरा ओरडला.

कुणीतरी हसलं, पण यावेळी ते हसू बाईंच्या बाजूचं होतं. दिग्दर्शकाने हात जोडले. छायाचित्रकाराने नेमका तो क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला: नम्रपणे हात जोडलेला दिग्दर्शक, आणि खाली 'सिनेमा पाहून भावुक झालेल्या प्रेक्षक महिलेशी संवाद'.

"भावुक?" मुकादमबाईंनी कागदाचा बोळा केला. "मी संतापले होते! एवढंही लिहिता येत नाही ह्यांना?"

सिनेमा चाललाच. त्याला बक्षीसही मिळालं. तो हेडफोनवाला तरुण एकदा कारखान्यात आला, मान खाली घालून "मावशी, मला इतकं कळलं नव्हतं" म्हणाला. बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि माफ केलं नाही. "कळलं नव्हतं तर विचारायचं होतं. मी समोर बसले होते," एवढंच म्हणाल्या, आणि चादरींकडे वळल्या.

लिफ्टवाल्याला मात्र त्यांनी सोडलं नाही. तो घरी गेला तशा त्याही दर सुट्टीला त्याच्या घरी जायला लागल्या, न बोलावता. जिने चढताना त्यांना मधल्या मजल्यावर थांबावं लागायचं, कारण त्या इमारतीतली लिफ्ट बंद असायची, आणि ह्या गोष्टीवरूनही त्या त्याला बोलायच्या. त्याचं यंत्र कपाटावर खोक्यातच होतं. बाई डबडीतून भांडायच्या, तो पाटीवर खडखड लिहून भांडायचा. त्याची मुलं सुरुवातीला दारामागून बघायची; पुढे पुढे बाईंच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली. धाकटीने एकदा डबडी मागून घेतली आणि आपल्या गळ्याला लावून पाहिली. बाप दुसरीकडे बघत राहिला.

त्या दिवशी भांडण जरा जास्तच पेटलं होतं. "तुमच्या बायकोला काळोखात पाटी कशी वाचता येणार?" बाईंनी विचारलं होतं. त्याने रागाने पाटी पुसली. मग लिहिलं: 'सिनेमा मी अर्धाच पाहिला. उठून आलो. शेवटी त्याचं काय होतं?'

"मरतो," मुकादमबाई म्हणाल्या. "त्या दिग्दर्शकाला पुढे काही सुचलं नाही म्हणून."

लिफ्टवाल्याचे खांदे हलले. हसण्याचा आवाज त्याच्याकडे नव्हता, बाईंकडेही नव्हता. त्याने पाटी पुन्हा पुसली आणि लिहायला लागला, आणि त्याला लिहायला किती वेळ लागतोय ते बघून मुकादमबाईंचं डोकं पुन्हा फिरायला लागलं.